शाळेचा इतिहास कुणी लिहायचा?

शाळांचे इतिहास वाचायला मला फार आवडतात. सुवर्णमहोत्सव, शतकमहोत्सव असलं काही असलं की एक स्मरणिका निघते. गुळगुळीत कागद, आधी मान्यवरांचे संदेश, मग संस्थापकांचा फोटो, मग गुणवंतांची यादी. सगळं गोड गोड. अशा पाच-सहा स्मरणिका वाचल्या की वाटायला लागतं, महाराष्ट्रात एकही शाळा पैशासाठी कधी अडली नाही आणि एकाही शाळेने कुणाला कधी दाराबाहेर ठेवलं नाही!

आज मला एका फार जुन्या शाळेबद्दल लिहायचं आहे. ती आता नाही. ओल्ड गोव्याहून फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जांभ्या दगडाची एक उंच कमान एकटीच उभी आहे, वर क्रूस आहे. हे सेंट पॉल कॉलेज. नाव कॉलेज असलं तरी ही होती मुलग्यांची निवासी शाळा. मुलींचा प्रश्नच नव्हता. धाकट्या जाऊबाई माहेरच्या गोव्याच्या, त्यामुळे आमचं उत्रोलीहून तिकडे येणंजाणं असतं. पर्यटक बॅसिलिकाकडे वळतात, या कमानीपाशी फारसं कुणी थांबत नाही.

शाळेचा घाट घातला गेला १५४१ मध्ये. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले तेव्हा काम सुरू झालेलं होतं. पुढच्या जानेवारीत सेंट पॉलच्या सणाला तिथलं चर्च सुरू झालं आणि तेच नाव शाळेला चिकटलं. काही वर्षांत कारभार पूर्णपणे जेसुइटांकडे गेला. नाव इतकं रुळलं की पूर्वेकडच्या जेसुइटांना लोक ‘पॉलिस्ट’च म्हणू लागले. मुलं तरी कुठकुठली? गोव्याची, मलबारची, बंगालची, आफ्रिकेतली, मलाक्याकडची. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस १५४८ मध्ये इथेच शिकत होता. पुढच्या वर्षी झेवियर जपानला गेले ते त्यालाच बरोबर घेऊन.

आणि छपाई! १५५६ मध्ये पोर्तुगालहून निघालेला एक छापखाना खरं तर इथिओपियाला जायचा होता. तो गोव्यातच राहिला आणि याच शाळेत लागला. भारतातला हा पहिला छापखाना. १६१६ मध्ये जेसुइटांच्याच राशोलच्या कॉलेजात फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आपल्या मराठीत. फक्त लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. देवनागरीत छापलेलं मराठी व्याकरण यायला १८०५ साल उजाडावं लागलं, तेही दूर सेरामपूरला.

इथपर्यंतचा मजकूर कुठल्याही स्मरणिकेत शोभेल. हो की नाही?

आता दुसरं पान. शाळेसाठी पैसा कुठून आला? १५४१ च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवलं गेलं, त्यातूनच शाळेचीही सोय झाली. विद्यार्थी कुठून आले? काही आपखुशीने आले असतील. पण १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला, की ज्या हिंदू मुलांना आईवडील, आजीआजोबा कुणीच उरलेलं नाही, ती या कॉलेजच्या ताब्यात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा देऊन शिकवावं. पुढे या हुकमाचा अर्थ ताणला गेला. बाप गेला की मूल अनाथ, मग आई जिवंत का असेना. म्हणून माणसं रातोरात पोरं घेऊन नदीपलीकडे गेली. मंगेशीचा देव कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून पलीकडे गेली ती त्याच काळात. देवांच्या स्थलांतराच्या कथा आपल्याला पाठ असतात. त्या होडीत बसलेल्या विधवा बाईची कथा कुणी सांगत नाही.

आमच्याकडे जेवताना हा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतात, “छापखाना दिला, भाषा जपली, ते बघा की.” दुसरे म्हणतात, “पोरं पळवली, तिथे कसलं शिक्षण?” मला विचाराल तर दोघंही अर्धंच वाचतात. ज्या माणसांनी मराठीत ओव्या लिहिल्या त्यांच्याच संस्थेच्या हाती मुलं दिली जात होती. एकाने दुसरं पुसलं जात नाही. वहीत जमा आणि खर्च दोन्ही लिहितात, म्हणून तर तिला हिशेब म्हणतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. आजच्या कॅथलिक शाळांमध्ये आपलीच मुलं शिकतात, आपल्याच बायाबापड्या तिथे नोकरी करतात. जुनं उकरून त्यांच्याकडे बोट का दाखवायचं? बरोबर. बोट दाखवायचंच नाही. सोळाव्या शतकातल्या राजाच्या हुकमाचा जाब आजच्या शिक्षिकेला विचारणं हा शुद्ध अन्याय आहे. पण जाब न विचारणं वेगळं आणि पान फाडणं वेगळं.

आणि पान फाडण्यात आपण काही कमी नाही. आपल्या तालुक्यातल्या एका शाळेच्या स्मरणिकेसाठी मला जुन्या आठवणी गोळा करायला सांगितलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, त्या शाळेत होते तेव्हा त्यांच्या वर्गातली चार मुलं ओसरीवर बसून शिकायची. का, ते तुम्हाला कळलंच असेल. दादांनी त्यातल्या एकाचं अक्षर किती सुरेख होतं तेही सांगितलं होतं. मी ते सगळं लिहून दिलं. छापून आलं तेव्हा सुरेख अक्षर होतं, ओसरी नव्हती. “कशाला ताई, आनंदाचा प्रसंग आहे,” एवढंच उत्तर मिळालं.

मला राग आला तो ओसरीपेक्षा त्या गाळण्याचा. ओसरी तेव्हाच्या लोकांनी केली, गाळणं आपण केलं. त्या चारांपैकी कुणाची नातवंडं आज त्याच शाळेत आत बाकावर बसत असतील, तर त्यांना आजोबा कुठे बसायचे हे कळायला नको? ते कळल्याशिवाय त्या बाकाची किंमत तरी कशी कळणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कुठल्याही शाळेचा इतिहास लिहिताना, मग ती पाद्र्यांची असो, संस्थानिकांची असो की आपल्या गावची झेडपीची, तीन प्रश्नांची उत्तरं त्यात असलीच पाहिजेत. जागा आणि पैसा कुणाचा होता? मुलं कशी आली? आणि बाहेर कोण राहिलं? या तिन्हींची उत्तरं देऊन उरलेली पानं खुशाल गुणवंतांना द्यावीत.

सेंट पॉल कॉलेजची तर तीही पानं उरली नाहीत. साथीच्या रोगाने परिसर ओस पडत गेला, १६१० मध्ये कॉलेज दुसऱ्या टेकडीवर हललं, १७५९ मध्ये जेसुइटांनाच हाकलून दिलं, आणि १८२९ च्या सुमारास सरकारने इमारत पाडून दगड पणजीकडे नेले. देवळं पाडून उभी राहिलेली शाळा सरकारी बांधकामाला दगड पुरवून संपली. ज्यांनी आपला सोयीचा इतिहास लिहिला असता, ते सगळे गेले. म्हणूनच कदाचित तिचा इतिहास आज आपल्याला थोडा सरळपणे वाचता येतो. आपल्या शाळा अजून उभ्या आहेत. त्यांच्याबद्दल खरं लिहायला त्या पडायची वाट कशाला बघायची?

असो. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणी ओसरीवर बसलं असेल, किंवा कुणाला तिथे बसलेलं पाहिलं असेल, तर मला जरूर कळवा. मी लिहून ठेवते आहे, आणि या वेळी काहीही गाळणार नाही.