जालन्याचा रकाना कोरा

भोकरदन तालुक्यात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण किती, आणि त्यांत मुस्लिम स्त्रिया किती? २०२० च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात शेजारचे औरंगाबाद आहे, बीड-उस्मानाबाद आहे, जालना नाही. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना माहीत असते, रकाना कोरा असला म्हणून तिथे शून्य धरायचे नसते.

मुंबईत अशी नोंद १९६० च्या दशकापासून होते. तिथे धर्मानुसारही आकडे काढले गेले, आणि पारशी स्त्रियांत प्रमाण सर्वाधिक निघाले. उशिरा लग्न आणि कमी मुले हे त्यामागचे एक मोठे कारण. लवकर बाळंतपण आणि जास्त काळ अंगावर पाजणे यांनी धोका कमी होतो. हे ऐकून आपल्यातले काही जण निर्धास्त होतात. पण आपल्या मुली शिकताहेत, लग्नाचे वय वाढते आहे (चांगलेच आहे), तेव्हा हे कवच पातळ होणार. शिवाय आजार होणे आणि त्याने दगावणे ही वेगळी गणिते आहेत. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा आजार गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडा कमी होतो, तरी त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. उशिरा निदान आणि अपुरे उपचार हे त्यात मोठे कारण.

आपल्याकडे उशीर घरातूनच सुरू होतो. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून अम्मी सांगत नाही. डॉक्टर पुरुष असेल तर जात नाही. ही अडचण खरी आहे, पण सुटणारी आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी करत, मॅमोग्राफीशिवाय. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते.

सरकारी धोरणातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार मात्र ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या एकीचीही ती झालेली नव्हती. भोकरदनच्या तरुणांनी ग्रामीण रुग्णालयाला लेखी विचारावे: तपासणी कोणत्या वारी होते, आणि करणारी स्त्री आहे का? गाठ निघालीच तर औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. अम्मीचे रेशन कार्ड आणि आधार आजच जुळवून पाहा. एकावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’ असेल तर कागद तिथेच अडतो.