संगणकवेड्याची शंका आणि मतदानयंत्र

संगणक, सिनेमा आणि राजकारण हे माझ्या आवडीचे तीन विषय. शासकीय सेवेत असताना पहिल्या आवडीबद्दल मला शाबासकी मिळाली, दुसरीकडे सहकाऱ्यांनी विरंगुळा म्हणून पाहिले, आणि तिसऱ्या विषयावर जाहीरपणे बोलण्याची मुभा सेवानियमांनी ठेवलेली नव्हती. हे तिन्ही विषय परस्परांपासून दूरचे आहेत असा सर्वसाधारण समज आहे. पण आपल्या देशात एक वस्तू अशी आहे की जिच्यापाशी हे तिघे एकत्र येतात. ती वस्तू म्हणजे मतदानयंत्र.

या यंत्राबद्दल आपल्याकडे दोनच पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्र अभेद्य आहे. दुसरा म्हणतो, यंत्रामुळेच निकाल फिरतात. माझे मत या दोन्हींहून वेगळे आहे. यंत्राची सुरक्षितता ही मुख्यतः प्रशासकीय शिस्तीची बाब आहे, आणि ती शिस्त टिकवायची असेल तर जाणकार शंकेखोराला शत्रू न मानता परीक्षक मानले पाहिजे. यंत्र नुसते वापरून ज्याचे समाधान होत नाही, ते उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा संगणकवेडा हा या परीक्षकांपैकी सर्वांत उपयोगी मनुष्य होय.

सुरुवात सिनेमापासून करतो. १९८३ साली 'वॉरगेम्स' नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यातील शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेमार्फत एका अनोळखी संगणकात शिरतो आणि खेळ समजून अणुयुद्धाची तयारी सुरू करून देतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जून १९८३ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे हा चित्रपट पाहिला. पुढील आठवड्यातील बैठकीत त्यांनी सेनादलांच्या प्रमुखांना सरळ विचारले की असे खरोखर घडू शकते काय. चौकशीअंती उत्तर आले की परिस्थिती वाटते त्याहून वाईट आहे. त्यातून सप्टेंबर १९८४ मध्ये संगणक सुरक्षेविषयीचा राष्ट्रीय आदेश निघाला. त्या आदेशाने गुप्तचर यंत्रणेला नागरी संगणकांवरही अधिकार मिळत होते, म्हणून संसदेने १९८७ साली वेगळा कायदा करून ते अधिकार आवरले.

या घटनाक्रमात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, सत्तेच्या शिखरावरील माणसाने एक बाळबोध प्रश्न विचारला आणि 'साहेब, तो सिनेमा आहे' असे म्हणून कोणी तो उडवून लावला नाही. आपल्या कार्यालयांत असा प्रश्न खालच्या कर्मचाऱ्याने विचारला तर काय होते, हे वाचकांपैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांना सांगायला नको.

तरीही सिनेमाने एक गैरसमज रुजवला. पडद्यावरचा हॅकर दूर कुठेतरी बसून चार बटणे दाबतो आणि सर्व कुलुपे उघडतात. आपले मतदानयंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते, त्यामुळे ही कल्पना त्याला लागू पडत नाही. त्याचा खरा प्रवास पाहायचा असेल तर अमित मसूरकर यांचा 'न्यूटन' (२०१७) हा हिंदी चित्रपट पाहावा. दंडकारण्यातील ७६ मतदारांच्या एका केंद्रावर यंत्र नेणारा एक लहानसा कारकून, त्याचा हट्टी नियमनिष्ठपणा, आणि कसेबसे मतदान उरकून परतण्याची घाई झालेला सुरक्षादलाचा अधिकारी. त्या चित्रपटात यंत्र बिघडत नाही. धोका निर्माण होतो तो माणसे नियम गुंडाळून ठेवू पाहतात तेव्हा. निवडणुकीचे काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. मतदानाआधी यंत्रांची प्रथमस्तरीय तपासणी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते आणि यंत्रावर नाशिकच्या मुद्रणालयात छापलेले गुलाबी कागदी सील लागते. त्यानंतर यंत्रांची दोनदा सरमिसळ होते, पहिली मतदारसंघनिहाय आणि दुसरी केंद्रनिहाय. मतदानाच्या दिवशी सकाळी मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन, ते मोजून, पुसून टाकायचे असते. मतदान संपल्यावर नमुना १७-सी मध्ये एकूण मतांची नोंद करून तिची प्रत प्रतिनिधींना द्यायची असते. हे सर्व नीट झाले तर लबाडीला फारच थोडी जागा उरते. पण 'नीट झाले तर' या तीन शब्दांतच सगळे प्रशासन सामावलेले आहे. निवडणुकीच्या कामात माझा अनुभव असा की, पहाटे पाच वाजता अभिरूप मतदानासाठी प्रतिनिधी आलेले नसतात, केंद्राध्यक्ष थकलेला असतो आणि नमुन्यांची संख्या मोठी असते. यंत्राचे चिप किती भक्कम आहे याइतकाच, तो केंद्राध्यक्ष किती जागा आहे हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

आता राजकारणाकडे वळू. मतदानयंत्र पहिल्यांदा वापरले गेले ते १९८२ साली, केरळमधील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर. विजयी व पराभूत उमेदवारांत अंतर होते १२३ मतांचे. पराभूत उमेदवार न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्यात मतपत्रिकेचीच तरतूद आहे, यंत्राची नाही. त्या ५० केंद्रांवर फेरमतदान झाले आणि निकाल उलटला. पुढे डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ घातले, १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली आणि २००४ ची लोकसभा निवडणूक संपूर्णपणे यंत्रावर झाली. म्हणजे शंका पहिल्या दिवसापासूनच होती, आणि तिला उत्तर देताना कायदा अधिक पक्का झाला.

तेव्हापासून शंका घेणारे पक्ष बदलत राहिले. २००९ नंतर तेव्हाच्या विरोधकांनी यंत्रावर बोट ठेवले, २०१४ नंतर आधीच्या सत्ताधाऱ्यांनी. जिंकणाऱ्याला यंत्र प्रिय आणि हरणाऱ्याला अप्रिय, असा हा खेळ आहे. जून २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना यंत्रात फेरफार करून दाखवण्याचे आव्हान दिले, तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट हे दोनच पक्ष आले आणि त्यांनीही प्रत्यक्ष प्रयत्न केला नाही. यावरून शंका निराधार ठरली असे अनेकांनी मानले. मी तसे मानत नाही. आयोगाने ठरवलेल्या अटींत, आयोगासमोर, ठरावीक वेळात करायचे प्रात्यक्षिक ही स्पर्धा असते, तपासणी नव्हे. राजकीय पक्षाला मुळात या विषयात मते हवी असतात, उत्तर नको असते. उत्तर हवे असते ते संगणकवेड्याला.

याची दोन उदाहरणे. नेदरलँड्समध्ये यंत्राची संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने म्हटले होते की आमचे यंत्र केवळ मते मोजते, ते बुद्धिबळ खेळते हे कोणी दाखवूनच द्यावे. २००६ साली तेथील काही संगणकतज्ज्ञांनी त्याच यंत्रावर बुद्धिबळ खेळून दाखवले. काही वर्षांतच तो देश कागदी मतपत्रिकेकडे परतला. त्या गटातील रॉप गाँग्रिप हे २०१० साली भारतीय यंत्राचा अभ्यास करणाऱ्या चमूतही होते. त्यांच्यासोबत अमेरिकेतील प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद होते. यंत्र प्रत्यक्ष हाती लागले तर निकाल दाखवणारा भाग बदलता येतो, किंवा मतदान व मतमोजणी यांच्या मधल्या काळात स्मृतीतील आकडे बदलता येतात, असे त्यांनी दाखवले. आयोगाचे उत्तर होते की यंत्र कोणाच्या हाती लागतच नाही. ऑगस्ट २०१० मध्ये हरिप्रसाद यांना अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी वापरलेले यंत्र मुंबईतील सरकारी साठ्यातून चोरीला गेले होते.

एक प्रशासक म्हणून या प्रकरणाकडे पाहताना मला असे वाटते की, चोरीचा तपास व्हायलाच हवा होता. पण जर यंत्र खरोखर सरकारी साठ्यातून बाहेर गेले असेल, तर 'यंत्र कोणाच्या हाती लागत नाही' हे उत्तर त्याच वेळी कोसळले होते. संशोधकांचा मुद्दा नेमका हाच होता. गोदामाच्या दाराला लागलेल्या कुलपाची किंमत त्यांनी आपल्याला दाखवून दिली, आणि आपण प्रथम त्यांनाच कुलूप लावले.

सुदैवाने आपल्या संस्था तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत मताची छापील चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कागदी नोंद मुक्त निवडणुकीसाठी अत्यावश्यक ठरवली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व केंद्रांवर होती. सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी ही शंकेखोरांची देणगी आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण चिठ्ठी छापणे आणि मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ साली भारतीय सांख्यिकी संस्थेतील तज्ज्ञांच्या अहवालात देशभरातून ४७९ यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजणे पुरेसे मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याऐवजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे ठरवली, म्हणजे एकूण वीस हजारांहून अधिक. तरीही मूळ मुद्दा राहतोच. निवडणूक ही देशाची एक नसते, प्रत्येक मतदारसंघाची स्वतंत्र असते. लाखभर मतांच्या फरकाने जिंकलेल्या जागेला पाच केंद्रे भरपूर होतात, आणि काही शे मतांच्या फरकाला ती अपुरी पडतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून फरक जितका कमी तितका नमुना मोठा, अशी पद्धत राज्यभर लागू केली. हे गणित आपल्या अभियंत्यांना अवघड नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलर तपासण्याची सोय दिली. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ही तपासणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच अभियंते करणार. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच लेखापरीक्षण करू नये, हा आमच्या खात्यातील शिपायालाही ठाऊक असलेला नियम आहे.

सर्वसामान्य नागरिकाला तर यातील काहीच मागता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावाने आपल्यापुरते मतपत्रिकेवर चाचणी मतदान घेण्याचे ठरवले. त्या मतदारसंघातील त्यांचा पसंतीचा उमेदवार निवडूनही आला होता. तरी आपल्या गावचे आकडे त्यांना पटत नव्हते. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लावली आणि पुढे गुन्हेही दाखल झाले. असे खासगी मतदान कायद्यात बसत नाही आणि त्यातून काही सिद्धही झाले नसते, हे मला मान्य आहे. पण गावाचा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर सीलबंद पेटीतील चिठ्ठ्यांमध्ये उपलब्ध होते. निवडणूक नियमांतील ५६-ड नुसार त्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी उमेदवार व त्याचे प्रतिनिधीच करू शकतात, तीही निकाल जाहीर होण्यापूर्वी. जिंकलेला उमेदवार ती कशाला करील? त्याच महिन्यात केंद्र सरकारने निवडणुकीच्या इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांची पाहणी मर्यादित करणारी नियमदुरुस्ती केली. शंका वाढत असताना दार लोटून घेणे हे प्रशासनाच्या हिताचे नाही.

माझ्या सूचना चार आहेत. एक, चिठ्ठ्यांच्या मोजणीसाठी केंद्रांची संख्या मतांच्या फरकाशी जोडावी. दोन, यंत्राची तपासणी उत्पादक कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून, उदाहरणार्थ आयआयटीसारख्या संस्थांतील प्राध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांकडून, दरवर्षी करवून घ्यावी आणि अहवाल जाहीर करावा. तीन, सद्‌हेतूने दोष दाखवणाऱ्या संशोधकाला कायद्याचे संरक्षण द्यावे व त्याच्यासाठी यंत्र अधिकृतपणे उपलब्ध करावे, म्हणजे ते आडमार्गाने मिळवण्याची वेळ कोणावर येणार नाही. चार, एखाद्या केंद्रावरील ठरावीक प्रमाणातील मतदारांनी लेखी मागणी केल्यास, निकालाला बाधा न आणता, त्या केंद्राच्या चिठ्ठ्या जाहीरपणे मोजण्याची तरतूद करावी.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये एक कसोटी सांगितली. मतदानाचे महत्त्वाचे टप्पे विशेष ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत. मतपत्रिकेच्या काळातील बळकावलेली केंद्रे आणि रात्र रात्र चालणारी मतमोजणी आठवणारे माझ्यासारखे लोक यंत्र सोडायला सांगणार नाहीत. पण त्या कसोटीला आपले यंत्र उतरवायचे असेल तर 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढे सांगून भागणार नाही. खातेवही उघडी ठेवणाऱ्या तलाठ्याला विश्वास मागावा लागत नाही. निवडणूक यंत्रणेनेही आपली वही तशीच उघडी ठेवावी, आणि ती वाचायला येणाऱ्या संगणकवेड्याला बसायला खुर्ची द्यावी.