पट्ट्यांची पिशवी आणि साडेसात हजार टाके



ज्या हाताला नमाजाची टोपी विणता येते, त्या हाताला पिशवी अवघड नाही. टोपीत खरी कसरत असते ती वरच्या गोल चकतीची. कुठल्या फेरीत किती टाके वाढवायचे याचा अंदाज चुकला की चकती एक तर वाटीसारखी वळते, नाही तर झालरीसारखी फुगते. एकदा चकती बसली की खालची भिंत टाके न वाढवता, न घटवता सरळ उतरते. पिशवी म्हणजे ती भिंतच, फक्त मोठी. बोहरा घरांतल्या बायका पांढऱ्या दोऱ्यात सोनेरी कसब घालून टोप्या विणतात, आपल्याकडे कोकणात पांढऱ्या जाळीदार टोप्या विणणाऱ्या नानी-दादी अजून आहेत. तेव्हा सुई घरात असेलच. या महिन्यात ती बाजाराच्या कामाला लावू.

रंगांपासून सुरुवात करते, कारण आमच्या मुलींनी केली तिथूनच. न्हावा शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं. तेव्हापासून इकडच्या रस्त्यांवर ट्रेलर आणि त्यांच्या पाठीवरचे कंटेनर हेच आमचं रोजचं दृश्य. शाळेच्या बसमधून मुलींना एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात: एव्हरग्रीनचा हिरवा, हापाग-लॉइडचा नारिंगी, वन कंपनीचा झगझगीत गुलाबी, मधेच गंजलेला विटकरी. आठवी-नववीच्या मुलींना पट्ट्यांचे रंग निवडायला सांगितले तर एकीने वहीवर ही रासच काढून आणली. नारिंगीशेजारी गुलाबी मी स्वतः कधी ठेवला नसता. विणल्यावर छान दिसला. तुमच्याकडे उरलेसुरले गुंडे असतील तर तेच वापरा, फक्त एक गडद रंग बंदांसाठी बाजूला काढा. बंद सगळ्यात आधी मळतात.

धागा सुतीच घ्या. लोकर ओझ्याने लांबते आणि तिच्यावर गोळे येतात. 4 मिलिमीटरच्या सुईला बसेल असा जाड सुती धागा अंदाजे 200 ग्रॅम जवळ असू द्या. टोपीचा बारीक दोराच असेल तर चार-पाच पदर एकत्र धरा. आधी छोटा चौकोन विणून बघा. 10 सेंटिमीटरमध्ये 16 टाके बसले पाहिजेत. 18 बसत असतील तर हात घट्ट आहे, सुई एक नंबर मोठी घ्या. 14 बसत असतील तर लहान.

संपूर्ण पिशवी मुक्या खांबाची. सुई टाक्यात घालायची, धागा ओढून आणायचा, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून काढायचा. सुईवर आधी वेढा घ्यायचा नाही. तो घेतला की खांब होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलींची इथे फसगत होते. अमेरिकन बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते, त्यालाच इंग्लंडची बाई डबल क्रोशे म्हणते. नावावर जाऊ नका, सुईवर वेढा आहे की नाही ते बघा. खांबाने काम झरझर वाढतं हे खरं, पण वीण विरळ होते, लसूण-मिरची बाहेर डोकावते आणि पिशवी गुडघ्यापर्यंत लांबते.

51 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून 49 मुके खांब, शेवटच्या साखळीत तीन, मग काम न उलटवता साखळीच्या दुसऱ्या अंगाने परत 48, आणि जिथून निघालात त्या साखळीत आणखी दोन. झाले 102. हा पिशवीचा तळ, आणि हीच पहिली फेरी. आता गोल गोल जात राहा, प्रत्येक फेरीत 102. सुरुवातीच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा आणि दर फेरीला तो वर सरकवा. आठ फेऱ्यांचा एक पट्टा, असे आठ पट्टे. पिशवी सुमारे 32 सेंटिमीटर रुंद आणि 34 सेंटिमीटर उंच होते.

रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यात दोन फासे सुईवर असतानाच नवा रंग धरा आणि त्यानेच टाका पुरा करा. तरी गोल विणकामात जोडावर एक पायरी दिसतेच. ती बुजवायला नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसरी फेरी सुरू करताना पहिल्या टाक्यात मात्र मुका खांब घालू नका. सुई घालून धागा ओढा आणि तो थेट सुईवरच्या फाशातून काढा. पुढच्या फेरीत तो टाका इतरांसारखाच मोजा. आणखी एक गोष्ट: गोल फेऱ्यांत मुके खांब जरासे एका बाजूला कलतात, त्यामुळे खुणेचा दोरा हळूहळू कडेवरून सरकून पिशवीच्या पोटावर येतो. म्हणून रंग खुणेपाशी बदलायचा नाही. चार-दोन टाके पुढे जाऊन किंवा आधीच थांबून, पिशवी जिथे दुमडते त्या कडेवर बदलायचा, आणि खूणही तिथेच आणायची.

आता बंद. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली मार्च 2018 मध्ये. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये दंड. तरी भाजीवाला आजही हळूच पातळ पिशवी काढतो आणि आपण ती हळूच घेतो. पण सुती पिशवी घरात आली म्हणजे सवाब मिळाला असंही समजू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्येच हिशेब मांडला होता. त्यांच्याकडच्या दुकानातल्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या दृष्टीने परवडायची तर ती निदान 52 वेळा वापरली पाहिजे, आणि इतर सगळ्या बाबी धरल्या तर 7,100 वेळा! आठवड्याच्या बाजाराला नेली तर 52 खेपा म्हणजे एक वर्ष. आणि विणलेल्या पिशव्या वर्ष काढत नाहीत त्या बंदांमुळे. पोट शाबूत राहतं, बंद लोंबतो.

कारण साधं आहे. बहुतेकजणी पाच-सहा टाक्यांची अरुंद पट्टी विणत विणत लांबवतात आणि शेवटी शिवतात. ओझं आलं की तिची प्रत्येक ओळ थोडी थोडी उघडते. त्याऐवजी बंद आडवा विणा, म्हणजे ओळी बंदाच्या लांबीने धावतील. काठाच्या फेरीत 15 मुके खांब घाला, 80 साखळ्या विणा, खालचे 21 टाके सोडा आणि पुढे पुन्हा 15 मुके खांब. दुसऱ्या बाजूला तसंच. पुढच्या तीन फेऱ्या साखळीवरूनही न्यायच्या, फेरीत 220 टाके. मग बंदाच्या आतल्या कडेला नवा धागा जोडून, साखळीची खालची बाजू आणि सोडलेले 21 टाके मिळून एक फेरी मारा. साखळी दोन्हीकडून बांधली जाते. पाच किलो कांदे-बटाटे नेणार असाल तर बंदाच्या आतून जाड सुती नाडीही शिवून टाका, आणि ती काठाच्या खाली चार बोटं उतरवा.

मासळीला ही पिशवी नेऊ नका. उरणच्या बाजारातून ओले बोंबील आणायला झाकणाचा डबाच बरा. धुताना पहिल्यांदा वेगळी धुवा, लाल-गुलाबी रंग सुटतो. आणि ओली असताना बंदांनी टांगू नका, पाण्याच्या वजनाने ती लांबेल. टॉवेलवर पसरून ठेवा. जुलैत आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिला दोन दिवस लागतात. पंख्याखाली ठेवा, नाही तर काळे ठिपके पडतात.

हे सगळं लिहिलं, पण माझ्या मनात घोळतं आहे ते वेगळंच. वर्गातल्या एका मुलीची पिशवी तिच्या ओळखीच्या दुकानदाराला आवडली. म्हणाला, वीस दे, नगाला 150 रुपये. मुलगी आनंदात माझ्याकडे आली. मी तिला फळ्याशी उभं केलं. आठ पट्टे म्हणजे 64 फेऱ्या, गुणिले 102. वर काठ आणि बंद. बेरीज साडेसात हजारांवर गेली. मिनिटाला 15 टाके धरले तरी आठ तासांहून जास्त. तिच्या पिशवीला धाग्याचे 110 रुपये लागले होते. उरले 40. आठ तासांचे 40, म्हणजे तासाला पाच रुपये. ती खडूकडे बघत राहिली.

तिची अम्मी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. रागावली नव्हती. म्हणाली, “टीचर, पोरगी शाळेतून आली की नाही तरी बसलेलीच असते. 40 तर 40.” या वाक्याला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही, कारण ते माझ्या घरातही मी शंभरदा ऐकलं आहे. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिथे हजारो बायका घरात बसून परदेशी विक्रीसाठी लेस विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं की या बायकांना कामगार कोणी म्हणतच नाही, त्या स्वतःही नाही. त्या ‘घरीच असतात’, लेस फावल्या वेळेत होते, म्हणून मजुरी शेतावरच्या मजुरीहूनही कमी. मालाचे पैसे मात्र व्यापारी पूर्ण मोजून घेतो. आमच्या दारावरून रोज जे कंटेनर जातात त्यांत काय आहे, किती आहे, हे कागदावर नगानगाने लिहिलेलं असतं. विणणारीच्या तासांचा कागद कुठेच नसतो.

अम्मींना मी एवढंच म्हटलं की घरासाठी, खालासाठी, लग्नात द्यायला विणा, तिथे हिशेब नको. दुकानात द्यायची असेल तर हिशेब हवा. मग आम्ही तिघींनी बसून भाव काढला. धागा 110, आठ तासांना तासाचे 30 धरून 240, एकूण 350. तासाला 30 हेही कमीच, पण अम्मी त्यावर जाईनात. मुलीने दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, विचार करतो. अजून त्याचा फोन आलेला नाही. स्टाफरूममधल्या दोघींनी मात्र 350 देऊन पिशव्या घेतल्या, आणि तिसरी अर्धवट विणून तिच्या दप्तरात आहे.

तुम्ही विणायला बसाल तेव्हा घड्याळ समोर ठेवा. एक पट्टा झाला की किती मिनिटं लागली ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. आठ पट्ट्यांचे आठ आकडे, शिवाय बंदांचा एक. मला कळवा. पुढच्या महिन्यात तुमचे आकडे घेऊनच पुढे बोलू, इन्शाअल्लाह.