बाई, दोन्ही मेली!

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. झाकण उघडलं तर आत ओली माती आणि गांडुळाचे दोन तुकडे. वासावरूनच सगळं कळलं.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात, एकाची दोन होतात. दोन्ही मेली!"

म्हणाले होते खरी. मी बी.ए. मराठीवाली. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्याकडे येतो. लहानपणी ऐकलेलं तेच मी वर्गात ठोकून दिलं होतं. मैत्रिणींनो, तुम्हीही ऐकलंच असेल की! पण त्या डब्यापुढे मला फार ओशाळल्यासारखं झालं.

माझी धाकटी जाऊ झूलॉजी शिकलेली. रात्री जेवणं आटोपल्यावर तिला फोन लावला. ती आधी मनसोक्त हसली, मग नीट सांगू लागली. मोठ्या गांडुळाच्या अंगावर एक जाडसर पट्टा दिसतो, तो डोक्याच्या बाजूला असतो. शेपटीकडचा थोडा भाग तुटला तर पुढचा तुकडा जगू शकतो, पुष्कळदा शेपूट पुन्हा वाढतंही. मागचा तुकडा नुसता वळवळतो. त्याला तोंडच नाही, तर खाणार कशानं? जातीजातींत फरक आहे म्हणा. पाण्यात राहणारी एक बारीक जात तर आपणहून तुकडे होऊनच वाढते. पण आपल्या अंगणातल्या गांडुळाला मधोमध कापलं तर दोन होत नाहीत, बहुधा एकही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ सांगून टाकलं, "मी चुकीचं शिकवलं होतं." लगेच त्याच मुलीचा प्रश्न आला, "मग बाई, पिल्लं कशी होतात? यातली आई कुठली, बाबा कुठले?"

या वेळी मी तयारीनं गेले होते! गांडुळात आई-बाबा वेगळे नसतात. प्रत्येक जण दोन्ही असतो. तरीही सहसा दोघं लागतात. ती एकमेकांना बीज देतात आणि आपापल्या वाटेनं जातात. पुढे त्या पट्ट्यातून चिकट स्राव येतो, त्याचं अंगाभोवती कडं तयार होतं. गांडूळ मागे सरकत त्या कड्यातून अंग काढून घेतं, घट्ट बांगडी उतरवावी तसं. जाता जाता अंडी आणि बीज त्यात पडतं, दोन्ही तोंडं मिटतात आणि त्याची इवलीशी कुपी होते. खताच्या गांडुळाची कुपी लिंबाच्या आकाराची, मुगाच्या दाण्याएवढी. खत चाळताना तुम्ही ती कचरा म्हणून फेकली असेल. मी तर कितीदा फेकली!

खताचं निघालं म्हणून माझी दुसरी चूकही सांगते. मागे मी अर्धा किलो गांडुळं विकत आणली आणि मोठ्या हौसेनं पेरूच्या बुंध्याशी मातीत सोडली. रोज पाणी घातलं. महिन्याभरानं उकरून पाहते तो एकही नाही. देणाऱ्यानं फसवलं असं मी चार जणींना सांगितलंसुद्धा. त्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. गांडूळ म्हणजे एकच प्राणी नव्हे. भारतात चारशेहून अधिक जाती आहेत, आणि प्रत्येकीचं राहणं-खाणं वेगळं. खतासाठी विकतात ती बहुधा 'आयसेनिया' नावाची तांबडी, नाहीतर पश्चिम आफ्रिकेतली मूळ असलेली 'युड्रिलस'. त्यांना कुजणारा पालापाचोळा हवा, नुसती माती नको. खोल बिळं करणारी गांडुळं निराळीच. माझी बिचारी उपाशी मेली, नाहीतर निघून गेली.

तेव्हा विकतची गांडुळं खताच्या डब्यातच ठेवा. भाजीचे देठ, साली थोड्या कुजल्या की घाला. जुनं शेण चालेल, ताजं नको, ते तापतं. मीठ-तेलाचं उरलेलं कालवण अजिबात नको. ओल किती, तर पिळून काढलेल्या फडक्याइतकी. वर ओलं गोणपाट टाका. झाडाच्या बुंध्याशी मात्र पाचोळ्याचा थर ठेवा, सारखं खणू नका. तिथली गांडुळं आपली आपण येतील.

आणि हो, जळू! तुम्ही नाक मुरडाल, पण जळू ही गांडुळाची भाऊबंदच. जनुकं तपासल्यावर शास्त्रज्ञांना दिसलं, की गांडुळांच्या वंशवृक्षाचीच ती एक फांदी आहे. तीही उभयलिंगी, तीही कुप्या करते. सुश्रुतानं जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी, सहा बिनविषारी.

आमच्या सासूबाई राजापूरकडच्या. त्यांच्या वडिलांच्या पायाला गळू झालं तेव्हा वैद्यबुवांनी मडक्यातून जळवा आणून लावल्या होत्या. सुटताना वरून हळद टाकली, हे त्यांना अजून आठवतं. मी म्हणाले, "आई, आता अमेरिकेतही लावतात." त्यांना ते पटेना. पण खरंच, तुटलेलं बोट जोडल्यावर त्यात रक्त साकळतं, तेव्हा डॉक्टर जळू लावतात. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. २००४ साली तिकडच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यताही दिली. पुढची गंमत ऐका. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं पाहिली, तर 'हिरुडो मेडिसिनॅलिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या जळवा निघाल्या भलत्याच जातीच्या, 'हिरुडो व्हर्बाना'! मोठमोठ्या डॉक्टरांचं हे, तर माझ्या अर्ध्या किलोचं काय घेऊन बसलात. सासूबाई म्हणाल्या, "सुश्रुत तरी आधी पारखून घ्या म्हणाला होता."

घरी मात्र हे प्रयोग नकोत, बरं का. सहलीत मुलांच्या पायाला जळू लागली तर मीठ किंवा जळती काडी लावू नका. ती पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. निमुळत्या बाजूला तोंड असतं. तिथं नख कातडीला टेकवून सरकवा, मग मागचं टोक सोडवा. साबणानं धुऊन स्वच्छ फडकं दाबून धरा. रक्त बराच वेळ येतं, घाबरू नका. थांबलंच नाही तर डॉक्टर.

मिठाचं सांगायचं ते मोरीबद्दलही. पावसाळ्यात मोरीत गांडूळ दिसलं की मीही चिमूटभर मीठ टाकत असे. गांडूळ ओल्या कातडीनं श्वास घेतं, मिठानं ते तडफडून मरतं. आता मी खराट्याच्या काडीनं उचलून ते तुळशीपलीकडच्या पाचोळ्यात टाकते. त्या मुलीचा श्रीखंडाचा डबा धुऊन परत दिलाय. परवा ती त्यात तीन कुप्या घेऊन आली. आता रोज मधल्या सुट्टीत झाकण उघडून पाहणं चालू आहे. अजून तरी काही बाहेर आलेलं नाही.