सुलतानबाजार : शहराच्या पोटातले एक मराठी गाव

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या घटनेचा आनंद हैदराबादेतल्या मराठी घरांनाही झाला. परंतु त्या आनंदाच्या पोटी एक प्रश्नही आहे. भाषेचा मान वाढला, पण या शहरात ती बोलणाऱ्यांचे जे एक लहानसे गाव होते, त्याचे पुढे काय? मी 'गाव' हा शब्द जाणून वापरीत आहे. सुलतानबाजार, इसामिया बाजार, बडी चावडी, जांबाग आणि काचीगुडा एवढ्या टापूत एक अख्खे मराठी गाव दोन-तीन पिढ्या नांदले. ते कशामुळे वसले हे नीट समजले, तरच ते का विरळ होत आहे हे समजेल.

मराठी माणूस या शहरात त्याआधीच रुजला होता. जुन्या शहरात शाहअलीबंड्याला राय-रायान घराण्याची देवडी होती आणि निजामाच्या राज्याचे दफ्तर-ए-दिवाणी या मराठी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. पण ती वस्ती दरबाराच्या आश्रयाची होती. मुसी नदीच्या उत्तरेस जे गाव वसले, त्याचे कारण निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने कोठीचा वाडा बांधला. त्याभोवती जी पेठ वाढली ती 'रेसिडेन्सी बाजार' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्यावर अंमल निजामाचा नव्हे, रेसिडेन्सीचा चाले. संस्थानात सभा भरवायची, वर्तमानपत्र काढायचे, शाळा घालायची म्हणजे परवानग्यांचे खेटे. रेसिडेन्सीच्या हद्दीत त्यामानाने मोकळीक होती. म्हणून १८९२ मध्ये आर्यसमाज येथेच आला आणि १९०१ मध्ये तेलुगू भाषिकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमही याच परिसरात काढले. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांच्या नव्या जाणिवेला एकाच पेठेने आसरा दिला, ही गोष्ट आपण फारशी आठवीत नाही.

१९०७ मध्ये विवेकवर्धिनी निघाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांनी शिक्षणाचा हा संसार उभा केला. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' साप्ताहिक आले. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले. तिकडे काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी मराठवाड्यातली मुले, पक्षकार, आजारी माणसे आणि पाहुणे आणून सोडी. स्टेशनाजवळ ओळखीचे घर, घराजवळ शाळा, शाळेजवळ ग्रंथालय अशी त्या गावाची आखणी कोणी कागदावर केली नव्हती. ती गरजेने झाली होती. मराठवाड्याच्या माणसाची राजधानी त्या काळी मुंबई-पुणे नव्हती, हैदराबाद होती.

या गावाचा रोजचा व्यवहार कधीच एकभाषी नव्हता. घरात मराठी, बाजारात दखनी, शेजारी तेलुगू, कचेरीत उर्दू. गावाने शहराकडून घेतले तसे शहरालाही दिले. हैदराबादी माणूस 'नक्को' म्हणतो तो आपला 'नको' आहे आणि 'ऐसाइच' म्हणताना शेवटी जो जोर देतो तो आपला 'च' आहे. पुण्याच्या पाहुण्याने आमच्या मराठीतल्या उर्दू शब्दांना हसावे, हे नित्याचेच. पण भाषा तग धरते ती सोवळ्याने नव्हे, देवघेवीने, असे माझे मत आहे. आणि त्याचा दाखला या पेठेइतका दुसरा चांगला मिळायचा नाही.

मग गाव विरळ का झाले? पहिली गोष्ट, रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत गेला आणि सुलतानबाजार झाला. हद्दीचा तो आधार गेला, तरी तोवर संस्था उभ्या राहिल्या होत्या. दुसरा आणि मोठा धक्का १ नोव्हेंबर १९५६ चा. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठवाड्याच्या मुलाला शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबाद गाठण्याचे कारण उरले नाही. नवे पाणी येण्याचा झराच बंद झाला. तरीही राहिलेल्यांनी हातपाय गाळले नाहीत. मराठी साहित्य परिषदेने 'पंचधारा' त्रैमासिक चालविले. शेजारच्या भाषांशी देवघेव करण्याची तिची दृष्टी या शहराला साजेशीच होती.

आजचा तिसरा बदल मात्र शांतपणे होत आहे. मेट्रोमार्गाला सुलतानबाजारच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी तो मार्ग सुरू झाला आणि आता पेठेच्या डोक्यावरून गाडी धावते. जुन्या घरांतली तरुण मंडळी उपनगरांत राहू लागली आहेत. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची करण्यात येत आहे. या कायद्यावर आपल्यापैकी काहीजण नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. ज्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या अन्न खाल्ले, तिची भाषा आपल्या मुलांना लिहिता-वाचता यावी, यात मराठीचे नुकसान नाही. नुकसान आहे ते घरात मराठी वाचली जात नाही यात.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. १९५६ मध्ये आटलेला झरा दुसऱ्या बाजूने पुन्हा वाहू लागला आहे. संगणकाच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली तरुण कुटुंबे शहराच्या पश्चिमेस, हायटेक सिटीच्या आसपास राहतात. त्यांना काचीगुडा ठाऊक नाही आणि आपल्याला त्यांची दारे ठाऊक नाहीत. अमीरपेठेला एकदा गाडी बदलली की तेथून कोठीपर्यंत मेट्रोने येता येते. अडचण अंतराची नसून ओळखीची आहे. काचीगुड्याला उतरलेल्या परगावच्या मुलाला आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या अगत्याने घरी नेले, ते अगत्य आपण यांना दाखवणार का? ग्रंथालये सुटीच्या दिवशी व संध्याकाळी उघडी ठेवणे, मुलांसाठी रविवारचा वाचनवर्ग घेणे आणि त्यात मराठी शिकू इच्छिणाऱ्या तेलुगू शेजाऱ्यालाही जागा देणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

अभिजात दर्जासाठी ज्या प्राचीन पुराव्यांचा आधार घेतला गेला, त्यांत हाल सातवाहनाच्या नावावरची 'गाथासप्तशती' अग्रभागी आहे. त्याच सातवाहनांची नाणी तेलंगणात कोटिलिंगाल येथे सापडतात. तेव्हा या भूमीत मराठी परकी नाही. पण तिला येथे उद्याही घर असावे की नाही, हे दिल्लीचा निर्णय ठरवणार नाही. ते आपल्या संस्थांची दारे कोणासाठी किती वेळ उघडी राहतात, यावर ठरेल.