ड्रायव्हरची फुंकर आणि त्याची अब्रू

आमच्या हिंगोली, कळमनुरी, वसमतकडील कुणब्यामाळ्यांचीं, सुतारलोहारांचीं मुलें आतां मोटारीवर, ट्रकवर, पुण्यामुंबईच्या कारखान्यांत नोकरीस लागलीं आहेत. कामावर चढण्यापूर्वीं कोणाकडून यंत्रांत फुंकर मारवितात, तर कोणाचें रक्त व लघवी तपासतात. याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस जरूर वाटतें.

तपासणीस आमचा विरोध नाहीं. ता. १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी बस पेटून २५ माणसें गेलीं, तेव्हां ड्रायव्हर प्यालेला होता काय, हा प्रश्न निघालाच. मोटार कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य हा गुन्हा ठरविला आहे, तो योग्यच आहे. पिऊन चाकाला हात लावणाऱ्या पोराची बाजू घेणाऱ्या बापास आम्ही शहाणा म्हणणार नाहीं.

पण फुंकर घेण्याचीही रीत आहे. आसवारिष्टांत मद्य आपोआप तयार होतें. खोकल्यासाठीं द्राक्षासवाचा घोट घेऊन कोणी लगेच फुंकलें तर यंत्र आंकडा दाखवितें. चूळ भरवून पंधरावीस मिनिटें थांबलें म्हणजे तोंडांतलें मद्य जातें, रक्तांतलें राहतें. म्हणून दुसरी फुंकर घेतलीच पाहिजे. ती न घेतां चारचौघांत "हा प्यालेला" म्हणून बोंब मारली कीं, गांवांत त्या घरची सोयरीक मोडते. मग तपास कसला करतां? नुसता तोंडाला वास येतो एवढ्यावरून मनुष्य नशेंत होता असें ठरत नाहीं, हें सुप्रीम कोर्टानें १९७१ सालींच सांगितलें आहे.

लघवीची गोष्ट निराळी. फुंकर आजची नशा सांगते. लघवी होळीला घेतलेली भांग कैक दिवसांनींही सांगते. मालकाला कामाच्या वेळेपुरता हक्क आहे, सणावारावर नाहीं. रक्तावरून तर माणसाचे कैक रोग कळतात. १९९७ सालीं मुंबई हायकोर्टापुढें एका रोजंदारी मजुराचा खटला आला. रक्तांत एच. आय. व्ही. निघाला म्हणून त्याचें काम गेलें होतें. कोर्टानें त्याचें नांव उघड होऊं दिलें नाहीं. आणि अंगांत काम करण्याची ताकद असून इतरांस मोठा धोका नसेल तर केवळ या कारणानें नोकरी नाकारतां येत नाहीं, असा निकाल दिला. पुढें २०१७ च्या कायद्यानें नोकरीसाठीं ही तपासणी सक्तीनें करण्यासच मनाई केली. त्याच सालीं, २४ ऑगस्टला, सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

आमचे जुने विद्यार्थी कागद वाचून घेण्यास येतात. एका इंग्रजी कागदावर लिहिलें होतें, 'कोणतीही तपासणी केव्हांही करण्यास व निकाल कोणासही देण्यास माझी संमति आहे.' पोरानें बोट दाखवलें तेथें सही केली होती ! हिला संमति कोण म्हणेल ?

फुंकर आडोशाला घ्यावी, आंकड्याचा कागद हातीं द्यावा, तक्रार असेल तर रक्त सरकारी दवाखान्यांत तपासावें. कोणाला साखरेचें दुखणें आहे, कोणा बाईस दिवस गेले आहेत, हें मुकादमाच्या कानीं जाऊं नये. आणि ड्रायव्हर फुंकतो त्याच यंत्रांत मोटारींतून उतरणाऱ्या साहेबानेंही फुंकावें. सहीचा कागद आला तर तो आधीं शाळेंत आणा. रविवारींही आम्ही वाचून दाखवूं.