अंगठा उमटला नाही, म्हणून हक्क मिटत नाही

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूरचे नाव कोणत्याही मानवाधिकार परिषदेच्या विषयपत्रिकेवर येण्याची शक्यता नाही. मानवाधिकारांचे परिसंवाद महानगरांतील सभागृहांत झडतात. पण डिजिटल कारभारात माणसाच्या हक्कांचे काय होते, याची खरी परीक्षा वाटूरसारख्या गावातील रेशन दुकानातच व्हायची असते. कापूस वेचून, खुरपे धरून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, ती बोटे ई-पॉस यंत्राला ओळखता आली नाहीत, की ‘अंगठा लागत नाही, पुन्हा या’ एवढ्या एका वाक्यात संसदेने दिलेला हक्क निकालात निघतो. दुकानदार यंत्राकडे बोट दाखवतो, अधिकारी सर्व्हरकडे. यंत्राला जाब विचारता येत नाही आणि कारभाराला तेच सोयीचे असते!

कायदा याबाबत मुका आहे काय? मुळीच नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची आणि राज्य अन्न आयोगाची तरतूद आहे. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राने राज्यांना कळवले, की अंगठा जुळला नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये. २०१८ च्या आधार निकालात, पडताळणी फसली म्हणून पात्र माणूस वंचित राहणार नाही, हे सरकारचे आश्वासन सर्वोच्च न्यायालयाने नोंदवून घेतले. ३० एप्रिल २०२५ रोजी तर, अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यातील पीडितांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. तरीही त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचा तपशील मागण्यात आला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, अशा भगिनींनी काय करायचे, हा प्रश्न आधी सुचला नाही. मुदतवाढ मात्र नंतर द्यावी लागली.

याचा अर्थ डिजिटल कारभार नको, असा कोणी काढू नये. थेट खात्यात जमा होणाऱ्या पैशाने मधल्या दलालांची साखळी तुटली, बोगस शिधापत्रिका उघड झाल्या. देशात पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले, ते गरिबाला ओळख मिळावी म्हणून. त्याच ओळखीने गरिबाला दारातून परत पाठवावे, हा उद्देशाचाच पराभव आहे.

दुसरा प्रश्न माहितीच्या रक्षणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या पदरी काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची जी वाट होती, तीही बुजवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट, नागरिकाने खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड! देशाच्या सुरक्षेसाठी काही शासकीय यंत्रणांना सूट हवी, हे मान्य. पण ती सूट धान्य आणि निवृत्तिवेतनाच्या याद्यांपर्यंत पसरणार नाही, हे पाहणारा पहारेकरी कोण? संरक्षण मंडळाचे सदस्यही केंद्र सरकारच नेमणार आहे.

मराठवाड्याला नागरिकत्वाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामापुढे अर्ज-विनंत्या करणारी रयत होती. हक्क सांगणारा नागरिक नव्हता. पुढे आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धांना न्यायालयाचे दारही बंद झाले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना तो जुना निर्णय मोडीत काढला. सत्तेच्या मर्जीवर टांगलेला हक्क हा हक्कच नव्हे, हा मिसाबंदींनी तुरुंगात अनुभवलेला धडा आहे. ती मर्जी अधिकाऱ्याची असो वा यंत्राची, धडा बदलत नाही.

महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावे लागते, तीन अपिले करता येतात, कसूरदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होतो. हाच नियम यंत्राच्या प्रत्येक नकाराला लावा, ही मागणी ग्रामसभांतून उठली पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावोगावी तक्रारी लिहून द्याव्यात, पोच घ्यावी, पाठपुरावा करावा. सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या घरी राबणाऱ्या माणसांचे अर्ज भरून द्यावेत. रेशन दुकानातून माणूस बाहेर पडेल तेव्हा त्याच्या हातात धान्य असेल किंवा जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे लेखी कारण. तिसरा पर्याय असता कामा नये.